दोरावर पाय

मी एक जुना दोर आहे. विहिरीचा नाही, कपडे वाळत घालायचा नाही, आणि गुरे बांधायचा तर मुळीच नाही. मित्रांनो, मी चढाईचा दोर आहे. माणूस उभा कडा चढतो तेव्हा त्याच्या कमरेला जो बांधलेला असतो, तो. माझा रंग नारिंगी. आता तो शिजवलेल्या गाजरासारखा फिका पडला आहे, पण एके काळी मी दरीच्या पलीकडून दिसायचो. माझी गोष्ट फार शौर्याची नाही. दोराला एकच काम येते, धरून ठेवणे. तेही कधी जमले आणि कधी जमले नाही, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे यंत्रांवर धाग्याची रिळे फेर धरल्यासारखी एकमेकांभोवती फिरत असत. आधी माझा गाभा तयार झाला, पांढऱ्या पिळदार धाग्यांचा. मग त्या गाभ्यावर नारिंगी आवरण विणले गेले. तुम्ही मला पाहता तेव्हा आवरण पाहता. वजन मात्र गाभा पेलतो. एवढे लक्षात ठेवा, कारण माझे पुढचे सगळे दुखणे तिथलेच आहे.

आम्हाला दुकानात पाठवण्याआधी आमच्यातल्या एकाला, माझ्याच लांबीतून कापलेल्या माझ्या सख्ख्या भावाला, उंच टांगले. त्याला लोखंडी वजन बांधले आणि ते वजन खाली सोडले. पुन्हा वर ओढले, पुन्हा सोडले. तो तुटेपर्यंत. तो जितका टिकला त्यावरून आम्हा बाकीच्यांवर भरवसा ठेवायचे ठरले. मी शेजारच्या टेबलावर वेटोळे होऊन पडलो होतो. बघत राहण्यापलीकडे मला काही करता येत नव्हते. पुढे हे माझ्या वाट्याला पुष्कळदा आले.

मला विकत घेतले ते चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका माणसाने. त्याचे मित्र त्याला भिंग म्हणत, म्हणून मीही भिंगच म्हणेन. त्याची बोटे फार हुशार होती. काचेवरचा केसाएवढा ओरखडा तो डोळे मिटून नुसत्या अंगठ्याने शोधायचा. दुकानदाराने मला गल्ल्यावर ठेवले तेव्हा त्याने माझा रंग पाहिला नाही, घडी पाहिली नाही. एक टोक घेतले आणि मला सगळाच्या सगळा बोटांतून सरकवत नेले. दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. शेवटचे टोक हातात आल्यावर भिंग म्हणाला, "चालेल." माझी तेवढीच स्तुती झाली, पण मला ती आयुष्यभर पुरली.

भिंगाचे दोन साथीदार होते. एक मास्तर, शाळेत चित्रकला शिकवणारे. वयाने सगळ्यांत मोठे, बोलणे कमी आणि शिटी जास्त. दुसरा बेकरीत भट्टीवर काम करायचा. त्याच्या पाठीवर नेहमी एक मोठा ॲल्युमिनियमचा डबा खडखडत असे, म्हणून त्याचेही नाव डबा. सुट्टी मिळाली की तिघे निघायचे, आणि निघण्याआधी हटकून भांडायचे. मास्तरांना लोखंडी मेखा जास्त न्यायच्या असत आणि डब्याला बटाटे. पाठपिशवी एकच आणि तिला तोंडही एकच. मास्तर मेखा भरत, आणि ते चपला शोधायला वळले की डबा त्यांतल्या निम्म्या काढून अंडी भरत असे. एकदा कड्याच्या मधोमध मास्तरांनी मेखेसाठी पिशवीत हात घातला आणि उकडलेले अंडे बाहेर आले. त्यांनी ते शांतपणे सोलले, खाल्ले, टरफले खिशात ठेवली आणि खाली ओरडून सांगितले, "डब्या, आता हे अंडं ठोकून दाखव कातळात."

डबा चढायचा तेव्हा गंमतच असायची. अंगाने जाड, आणि तोंड अखंड चालू. भिंग खाली उभा राहून मला त्याच्यासाठी हळूहळू सोडत असे आणि मास्तरांना म्हणे, हा वर चालला नाहीये, डोंगरच खाली दाबतोय. वरून उत्तर यायचे, "खालून बोलायला काय जातं? बोल, बोल. तुझ्या चहात आज मीठ." आणि तो खरेच मीठ घालायचा. डब्याचे सूप तर फारच वाईट असे. तो मीठ घालायचा, विसरायचा आणि पुन्हा घालायचा. भिंग म्हणे, या सुपात मासेसुद्धा तहानेने मरतील. तरी पातेले पुसून संपत असे, कारण दिवसभर कड्यावर लोंबकळल्यावर माणसाला काहीही गोड लागते. मी त्या वेळी स्टोव्हपासून हातभर दूर, कोरड्या दगडावर नीट गुंडाळून ठेवलेला असायचो. पावाचा, रॉकेलचा आणि ओल्या मोज्यांचा वास माझ्या विणीत अजूनही असेल.

त्यांच्यात एक नियम होता, आणि माझी गोष्ट त्या नियमावरच उभी आहे, म्हणून तो नीट ऐका. दोरावर पाय द्यायचा नाही. बुटाखाली मातीचे कण असतात. पाय पडला की ते आवरणातून आत घुसतात आणि गाभा कुरतडतात. कुणाचा चुकून जरी पाय पडला तरी त्याने त्या दिवशी सगळ्यांसाठी चहा करायचा. वारा असो, काडेपेटी ओली असो, सुटका नाही. एकदा खुद्द मास्तरांचाच पाय माझ्यावर पडला. कुणी काही बोलण्याआधीच ते शिटी थांबवून स्टोव्हकडे गेले.

या नियमाला एकच अपवाद होता. दोर थकला, एखादे मोठे पडणे त्याने झेलले किंवा त्याचा गाभा मऊ लागला की तो 'गेलेला दोर' ठरायचा. मग त्याला सपाट दगडावर ठेवत आणि मास्तर त्याच्यावर मुद्दाम पाय देत. त्यांच्यामागून बाकीचे. आजपासून याच्यावर पाय दिला तरी चालेल, म्हणजेच याच्यावर जीव टाकायचा नाही, असा त्याचा अर्थ. त्यानंतर त्याचे तुकडे करत. अखंड गेलेला दोर ठेवायचा नाही, असा मास्तरांचा दंडक होता. वरून तो चांगलाच दिसतो, आणि पुढेमागे कुणीतरी तो न कळून कमरेला बांधतो.

माझ्या आधीच्या लाल दोराचा निरोप मी पाहिला आहे. त्या दिवशी भिंगाची मुलगीही पायथ्याशी आली होती. लहान होती. घरात दारांच्या चौकटींवर चढून बसायची म्हणून भिंग तिला मुंगी म्हणायचा. सगळ्यांनी पाय दिला. मुंगीची पाळी आली तेव्हा ती रडायला लागली. तिला तोवर हजारदा बजावले होते की दोरावर पाय द्यायचा नाही, आणि आता तेच करायला सांगत होते. भिंगाने तिला उचलले आणि तिची दोन्ही पावले त्या लाल दोरावर अलगद टेकवली. तिच्या कानात तो म्हणाला, "मुंगे, तो दमलाय. हे आपण त्याला सांगतोय." लाल दोराच्या एका तुकड्याचा तिला झोका मिळाला. तिचे रडे त्यावर थांबले.

माझी कामाची वर्षे चांगली गेली. उन्हात तापलो, दवात भिजलो, कातळावर घासलो. रोज संध्याकाळी भिंग मला त्याच्या बोटांतून सोडून बघायचा. ते मला आवडायचे. कुणीतरी आपल्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत विचारते आहे, कुठे दुखते का म्हणून.

मग तो दिवस आला. मुंगी तेव्हा शिकायला दुसऱ्या गावी होती. आम्ही एका उंच सुळक्यावर होतो. भिंग पुढे चढत होता, मास्तर खाली मला धरून होते, आणि डबा पायथ्याशी भात शिजवत होता. भिंगाच्या हातातला दगड निखळला. तो पडला, आणि मी ताणलो. मी त्याला धरले. पण मी एका धारदार कडेवरून गेलो होतो, आणि त्या कडेने मला एका जागी आतून चावले. आवरण शाबूत राहिले. आतले धागे एकामागून एक तुटत गेले, आणि काही उरले. त्या उरलेल्यांवर भिंग हवेत हळूहळू गोल फिरत लटकत होता. त्याचा चष्मा खाली पडला होता. मग खालून डब्याचा आवाज आला, "चष्मा सापडला. तो धड आहे. तू आहेस का?"

भिंग हसला. ते हसणे माझ्यातून थरथरत गेले.

त्या संध्याकाळी त्याने मला बोटांतून सोडले. ती जागा आली. बोटे थांबली, मागे गेली, पुन्हा त्या जागेवर आली. तिथे मी केळ्यासारखा मऊ झालो होतो. मास्तर एवढेच म्हणाले, "काप." भिंग म्हणाला, घरी गेल्यावर कापतो.

घरी त्याने सांगितले की तो दुकानाच्या पायरीवरून घसरला. बायकोने खांद्याला तेल चोळताना पायरीला दोन शिव्या घातल्या. मला त्याने धुतले, वाळवले, सुंदर वेटोळे केले आणि त्याच्या खोलीत दारामागच्या खुंटीला अडकवले. त्यानंतर तो किती वेळा सुरी घेऊन माझ्यासमोर बसला, ते मी मोजले नाही. मांडीवर घ्यायचा, ती मऊ जागा शोधायचा, अंगठा तिथेच ठेवून खिडकीबाहेर बघायचा. मग सुरी स्वयंपाकघरात जायची आणि मी खुंटीवर. ज्याने आपल्याला हवेत धरले त्याच्यावर सुरी चालवायला त्याचा हात होईना. मला ओरडून सांगावेसे वाटे, अरे, काप की रे बाबा. मित्रांनो, दोराला तुटायची भीती नसते. भलत्या वेळी तुटायची असते.

त्याच हिवाळ्यात मास्तर छातीच्या दुखण्याने गेले. डब्याचे गुडघे गेले आणि तो मुलाकडे दूरच्या शहरात राहायला गेला. जाताना त्याने विचारले, दोर कापलास ना? भिंग म्हणाला, कापला. त्याने मित्राला मारलेली तेवढी एकच थाप मला ठाऊक आहे. आतून तुटलेला मी अजून न कापता खुंटीवर आहे हे आता जगात दोघांनाच माहीत होते, एक भिंग आणि एक मी. माझ्या तोंडाचा तर प्रश्नच नव्हता.

आणि मग एके सकाळी दुकानात, काच घासता घासता, भिंगाला झटका आला. त्याची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्याला घरी आणले तेव्हा त्याच्याकडे एकच शब्द उरला होता, "बरं." भूक लागली तरी बरं, दुखले तरी बरं. नको म्हणायचे असले तरी तोंडातून बरं हेच यायचे, आणि मग तो स्वतःच दचकून डोळे मिटून घ्यायचा. बायको त्याला भरवायची आणि त्याच्या एका शब्दातून अख्खी वाक्ये लावायची. कधी बरोबर लागत, कधी नाही.

मुंगी नोकरीतून बदली मागून घरी आली. ती आता मोठी झाली होती, आणि तिच्या कपाळाला भिंगाच्या कपाळासारखी उभी आठी पडत असे. ती रोज बापाची दाढी करायची, त्याला चाकाच्या खुर्चीत बसवायची आणि दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची. भिंग ऐकायचा. पण त्याची नजर खिडकीतून दूर, जिथे डोंगराची रेघ दिसे तिथे जायची. मुलीने ते टिपले.

बापाने लहानपणी शिकवलेली चढाई तिने ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर सुट्टीच्या दिवशी पुन्हा सुरू केली. आणि एक दिवस तिने ठरवले की त्याच उंच सुळक्यावर जायचे, माथ्यावर उभे राहायचे आणि तिथून फोन लावून बाबांना सगळी दरी दाखवायची. त्याला आणखी एकदा तिथे नेण्याचा हा एवढाच रस्ता तिच्या हाती होता. सुळका उंच होता, मैत्रिणीचा दोर तेवढा लांब नव्हता. मुंगीने दारामागे पाहिले. तिथे मी होतो.

तिने डब्याला फोन लावला. त्याला कोण आनंद झाला. कुठे पाय ठेव, कुठे ठेवू नकोस, माथ्यावर बसून काय खा, सगळे त्याने सांगितले. ती म्हणाली की बाबांचा दोर नेतेय, चालेल ना? डबा हसून म्हणाला, "भिंगाचा दोर आणि चालेल का विचारतेस? अगं, त्याच्या घरात गेलेला दोर एक दिवस राहत नाही. जे आहे ते अस्सल." मी खुंटीवर ऐकत होतो. भिंग इतका काटेकोर होता म्हणूनच सगळे फसत होते. त्याने ठेवला आहे म्हणजे दोर चांगलाच असणार, हे गृहीत धरण्यात त्या दोघांचे काय चुकले?

निघायच्या आदल्या दुपारी तिने मला खुंटीवरून काढले. भिंग खुर्चीत बसला होता, पाय चटईवर टेकलेले. मला तिच्या हातात पाहून त्याचा चेहरा बदलला.

"बाबा, उद्या सुळक्यावर जातेय. तुमचा दोर नेऊ ना?" तिने विचारले.

"बरं," भिंग म्हणाला.

त्याला नको म्हणायचे होते. माझ्याइतके ते कुणालाच कळले नसेल. त्याने मान हलवायचा प्रयत्न केला आणि ती थोडी तिरकी झाली. "बरं. बरं. बरं." डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. मुंगीचे डोळे भरले. तिला वाटले त्याला यायचे आहे. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली की मी आहे ना, तुम्हाला नेतेच की, फोनवरून. त्याने डोळे मिटून घेतले.

मग ती जमिनीवर बसली आणि तिने मला बोटांतून सोडायला सुरुवात केली, बापाने शिकवले होते तसे, एका टोकापासून. माझ्या आशा तिच्या बोटांवर होत्या. टोक, मग पुढचा भाग, मग त्याच्या पुढचा. ती मऊ जागा जवळ येत होती. येऊ दे, म्हणालो. आली. तिची बोटे तिथे पोचली आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून आईने विचारले, "अगं, बटाटे किती उकडू?" मुंगीने मान वळवली, दोघींना पुरतील एवढे असे काहीतरी सांगितले, आणि तिची बोटे त्या जागेवरून सरकून गेली. होता नव्हता तेवढा मऊपणा मी तिच्या बोटांपुढे ठेवला होता. ती पुढे गेली. शेवटचे टोक हातात आल्यावर ती बापाकडे बघून त्याच्यासारखेच म्हणाली, "चालेल."

आयुष्यात तो शब्द मला दुसऱ्यांदा ऐकायला मिळाला. नको होता.

ती पिशवी आणायला उठली. मी चटईवर सैल पडलो होतो, माझा एक फेरा भिंगाच्या डाव्या पायापाशी. उजवा पाय लाकडासारखा पडून असे, पण डाव्यात थोडा जीव होता. तो पाय उचलला गेला. थरथरत, बोटभर. आणि माझ्यावर आला.

मुंगीने परत येऊन पाहिले आणि हसली. "बाबा, पाय. आज चहा तुमच्याकडे लागला." तिने त्याचा घोटा दोन्ही हातांत धरून हळूच बाजूला ठेवला आणि मला थोडे दूर ओढले.

भिंग खुर्चीत पुढे सरकला. खुर्चीला बांधलेला पट्टा पोटात रुतला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पाय पुन्हा उचलला गेला, चटईवरून घासत पुढे आला, आणि पुन्हा माझ्यावर पडला. मुंगी म्हणाली, अहो पडाल, आणि पाय उचलायला वाकली. तो उचलेना. त्याने टाच माझ्यावर रोवली होती. चढताना कधी एवढा जोर त्याने लावला नसेल. तो तिच्याकडे बघत होता आणि एक शब्दही बोलत नव्हता. तो एकुलता एक शब्द त्याने तोंडात दाबून धरला होता, कारण बाहेर आला असता तर घात झाला असता.

मुंगीचे हात त्याच्या पायावर थांबले. ज्या माणसाने तिला हजारदा बजावले, तो माणूस मुद्दाम दोरावर पाय देत होता. ती कितीतरी वेळ त्या पावलाकडे पाहत राहिली. मग तिने स्वतःच्या पावलांकडे पाहिले. मला वाटते, तिला तेव्हा तो सपाट दगड आणि तो लाल दोर दिसला असेल.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हा गेलेला दोर आहे?"

"बरं," भिंग म्हणाला. आणि रडला.

तिने मला पुन्हा हातात घेतले आणि अगदी सावकाश, डोळे मिटून, बोटांतून सोडले. या वेळी तिची बोटे त्या जागी थांबली. तिने सुरी आणून आवरण उसवले. आतून तुटलेल्या धाग्यांचा पांढरा पुंजका बाहेर आला. अखंड धागे थोडेच होते. ती ते पाहत बसली. दारात आई उभी होती, हातात उकडलेला बटाटा. दुकानाच्या पायरीला आपण उगाच शिव्या घातल्या हे तिला तिथे कळले असावे.

मग मुंगीने मला चटईवर पसरले आणि माझ्यावर पाय दिला. आईनेही दिला. सुरी भिंगाच्या डाव्या हातात ठेवून तिने वरून आपला हात धरला, आणि दोघांनी मिळून मला कापले. मला दुखले नाही. तुम्हाला खोटे वाटेल, पण हायसे वाटले. त्यानंतर मुंगी खुर्ची ढकलत स्वयंपाकघरात घेऊन गेली, कारण नियम म्हणजे नियम. साखरेचा चमचा तिने भिंगाच्या हातात दिला. त्याने एवढी साखर घातली की डब्याच्या सुपाची आठवण यावी. तिघांनी तो चहा संपवला. सुळक्यावर ती गेलीच नाही. मैत्रिणीला तिने फोन करून सांगितले, आणि डब्यालाही.

आता तुम्ही विचाराल, कापल्यावर हा बोलतोय कोण? माझा एक चांगला तुकडा मुंगीने भिंगाच्या पलंगाच्या पायथ्याला बांधला. त्याला जागोजागी गाठी मारल्या. डाव्या हाताने त्या गाठी धरत धरत भिंग उठून बसायला शिकला. तो तुकडा म्हणजे मी. रोज सकाळी तो मला धरायचा, आणि आम्ही दोघे पलंगावरचा तो छोटासा कडा चढायचो. मुंगी उशाशी उभी राहून त्याचीच जुनी थट्टा त्याला ऐकवी, चढताय की पलंगच खाली दाबताय? भिंगाचा ओठ एका बाजूने वर जाई.

मित्रांनो, कड्यावर असताना वजन वाढले की मला धास्ती वाटे. पलंगावर उलटे झाले. वजन कमी व्हायला लागले. भिंगाचा हात पहिल्या गाठीवर नुसता टेकायचा. ओढ रोज थोडी सैल लागायची, आणि एरवी ज्याच्यावर माझा सगळा भर, तो ताण मी त्याच्या हातात शोधत राहायचो. मुंगीने बोटांच्या व्यायामाचा चेंडू आणला, सूप आणले, डॉक्टर आणले. सुपात मीठ बेताचे असे. मी तिथेच होतो. एकदा मी या माणसाला हवेत धरले होते, गाभा तुटला तरी धरले होते. या वेळी तो माझ्या गाठीवर हात ठेवून निसटत होता, आणि त्याचे बोट मला धरता येत नव्हते. दोराला हात नसतात. दोराला माणसाने धरावे लागते.

एका सकाळी उन्हे खोलीत आली, आई पाणी घेऊन आली, आणि माझ्यावर काहीच वजन आले नाही.

पुढचे दिवस मी सांगत नाही. माणसे आली, गेली. डबा काठी टेकत आला, पलंगाशी बसला आणि माझ्या गाठी एक एक करून चाचपून पाहिल्या. त्याने येताना पाव आणला होता. तो कुणी कापला नाही.

नंतर एका दुपारी मुंगीने पलंग आवरायला घेतला. चादरी काढल्या, औषधांच्या बाटल्या खोक्यात भरल्या आणि मला सोडून चटईवर ठेवले. ती माझ्यासमोर उभी राहिली. आता मी खरोखरचा गेलेला दोर होतो. नियमाप्रमाणे तिने एकदा पाय द्यायचा आणि मला टाकून द्यायचे, एवढेच उरले होते. तिने पाय उचलला. तो तसाच अधांतरी राहिला. मग तिने तो माझ्या शेजारी, चटईवर ठेवला.

तिने मला उचलून दारामागच्या खुंटीला अडकवले. मी घाबरलो. पुन्हा तेच? पण तिने आईला हाक मारली आणि माझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने सांगितले, "आई, हा गेलेला दोर आहे. मला टाकवत नाहीये. पण तुला सांगून ठेवते, याच्यावर कुणी लटकायचं नाही."

आई पदराला हात पुसत म्हणाली, "बाई गं, मी कशाला लटकते?"

दोघी हसल्या. हसता हसता आई भिंगाच्या खुर्चीवर बसली, आणि मग दोघींचे हसणे थांबले.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. तुमच्या घरात दारामागे एखादी जुनी वस्तू कुणी जपून ठेवलेली असेल, तर ती कुणी ठेवली आणि का ठेवली ते त्या माणसाला आजच विचारा, त्याच्याकडे शब्द आहेत तोवर. आणि तुमच्यात काही आतून तुटलेले असेल तर वरचे आवरण पाहून कुणाला ते कळणार नाही. तुम्हाला तोंड आहे. सांगा.

मी खुंटीवर आहे. वारा आला की थोडा हलतो. माझ्या टोकाला आता कुणाचे वजन नाही, आणि त्याची सवय मला अजून झालेली नाही.